पूर्वचव

त्या काळी विद्यापीठात विषय निवडण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला ‘पूर्वचव’ घ्यावी लागे. एखाद्या ज्येष्ठ अभ्यासकाच्या मेंदूतल्या कामाच्या आठवणी टिपून ठेवलेल्या असत. त्या तासाभरात विद्यार्थ्याच्या मेंदूत उमटवल्या जात आणि तो विषय आयुष्यभर जगल्यावर कसं वाटतं, हे त्याला कॉलेजात पाऊल टाकण्याआधीच कळे. निर्णय मात्र ज्याचा त्याचा. शाखा चुकली अशी तक्रार आता कुणी करत नसे.

नागपूरचे प्रा. मोरेश्वर खानझोडे दगड झालेल्या झाडापानांचा अभ्यास, म्हणजे पुरावनस्पतिशास्त्र शिकवत. या विषयाची पूर्वचव त्यांच्याच आठवणींची होती. ती वापरात आल्यापासून त्यांच्याकडे एकही विद्यार्थी आला नव्हता.

यंदा सुनयना आत्राम आली. सिरोंच्याजवळच्या तिच्या गावाबाहेर दगडी ओंडके पडलेले असत. त्यांच्यावर खेळतच ती मोठी झाली होती. ही मुलगी तरी हातची जाऊ नये, म्हणून खानझोडे पूर्वचव यंत्रणेच्या प्रमुख डॉ. ऋजुता बारलिंगे यांच्याकडे गेले. आठवणी टिपल्या त्याच वर्षी त्यांची पत्नी गेली होती. तेवढं दुःख गाळून टाका, अशी त्यांनी विनंती केली.

“तसं गाळता येत नाही, सर,” बारलिंगे म्हणाल्या. “त्या आजारी होत्या तेव्हा तुम्ही रानात जीवाश्म शोधत होता. मेंदूने दोन्ही आठवणी एकत्रच विणल्यात. एक ओढली की दुसरी येते.”

नव्याने टिपल्या तर? तर विद्यार्थी न आल्याचंही दुःख त्यात उतरेल, असं बारलिंगे यांनी हळूच सांगितलं.

मग खानझोड्यांनी हट्टाने स्वतःच ती पूर्वचव घेतली. जगताना सुखदुःखाच्या मध्ये रोजचे साधे दिवस येतात, माणूस विसरतो, सावरतो. इथे ते दिवस नव्हते. होतं ते सगळं सलग अंगावर आलं.

ते बाहेर आले तेव्हा सुनयना दाराशी आपल्या नंबराची वाट पाहत होती. तिने वाकून नमस्कार केला.

“सर, आत काहीही वाटलं तरी मी हाच विषय घेणार आहे. तुम्ही फक्त हो म्हणा.”

हे ऐकायला ते कित्येक वर्षं आसुसले होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“बाळ,” ते म्हणाले, “संख्याशास्त्राचीही चव घेऊन बघ.”