रेकॉर्डवाल्या ताईंचं खातं

त्या कार्यालयात सगळे तिला वायरबाई म्हणत. डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो तशी गळ्यात केबल अडकवून ती मजल्यामजल्यावर फिरायची, म्हणून. तर एका शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास वायरबाई डबा घेऊन एकटीच कामावर आली.

काम रोजच्यातलंच होतं. कुणाचं खातं कोणतं आणि कुणाला कुठे प्रवेश, हे सगळं ज्या डिरेक्टरीत असतं ती फार जुनी झाली होती. ती काढून नवी बसवायची. अडचण होती ती ईमेलच्या सर्व्हरची. तो तिच्याहूनही जुना, म्हणून त्याचं नाव 'म्हातारा'. त्याला काढायची परवानगी वरून मिळत नव्हती. तेव्हा नव्या डिरेक्टरीचं आणि म्हाताऱ्याचं गोडीगुलाबीनं जमवून द्यायचं, नव्या सुनेचं आणि खाष्ट सासऱ्याचं जमवतात तसं.

आधी साफसफाई. मोठ्या साहेबांनी बंद करायच्या खात्यांची सहा नावं लिहून दिली होती. पाच उडाली. सहावं रेकॉर्डवाल्या ताईंचं होतं.

वायरबाईचा हात थांबला. आठ महिन्यांपूर्वी तळघरातल्या रेकॉर्डरूमला आग लागली आणि ताई धुरात गुदमरून गेल्या. दार आतून उघडलंच नाही. साहेबांनी चौकशीचा अहवाल फलकावर लावला: 'संबंधित महिलेने चहाची किटली चालू ठेवली. दाराबाबत कधीही लेखी तक्रार आली नव्हती.' झालं, प्रकरण संपलं! नंतर एकदा ताईंची लेक आली होती. तिनं जिन्यात वायरबाईला गाठून विचारलं, "मावशी, आईनंच चालू ठेवली होती का हो किटली?" आणि वायरबाई खाली बघत म्हणाली होती, "अहवालात तसंच आहे गं."

तिनं खातं काढून टाकलं. यादी ताजी केली. खातं जागच्या जागी होतं.

तिला त्यात नवल वाटलं नाही. दोन यंत्रं काही काळ एकमेकांना जुनीच माहिती सांगत राहतात. तिनं पुन्हा काढलं. पुन्हा आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा नावाशेजारी एक ओळ होती: 'वापरात आहे. ठिकाण: रेकॉर्डरूम.'

रेकॉर्डरूमला सील होतं. तिथली केबल तर तिनं स्वतःच्या हातानं काढली होती. खुर्ची मागे सारून ती उठली आणि सगळ्या मजल्यांच्या केबल जिथे येतात त्या भिंतीवरच्या कपाटाशी गेली. तळघरासाठीच्या त्या एका जागेत केबल नव्हती. नुसतं चौकोनी भोक. पण त्याच्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. थांबत, थांबत. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत टाईप करणाऱ्या माणसासारखा.

ताई दोनच बोटांनी टाईप करायच्या.

बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर हॉर्न वाजत होते. आणि यंत्रांच्या त्या थंडगार खोलीत हळूहळू जळक्या कागदाचा वास भरत चालला होता. वायरबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं साहेबांना फोन लावला.

"साहेब, रेकॉर्डवाल्या ताईंचं खातं निघत नाहीये..."

"निघत नाही म्हणजे काय? काढा. आणि ती अडकलेल्या पत्रांची रांगही रिकामी करून टाका. वाचत बसू नका."

"कुठली रांग, साहेब?"

पलीकडे साहेब खाकरले.

"मी रांगेबद्दल काहीच बोलले नाही," वायरबाई हलक्या आवाजात म्हणाली. "मला तर माहीतही नव्हतं..."

फोन ठेवला गेला.

मग तिनं म्हाताऱ्याचं पोट उघडलं. एका कोपऱ्यात, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, एक नियम लिहिलेला होता. ताईंच्या पत्रात 'दार' किंवा 'वायर' हा शब्द आला की पत्र पुढे जाऊ द्यायचं नाही, अडवून ठेवायचं. नियम साहेबांच्या खात्यातून लिहिलेला. आगीच्या दीड वर्ष आधी.

अडवलेली पत्रं एकेचाळीस होती.

'आदरणीय साहेब, रेकॉर्डरूमचं दार आतून उघडत नाही.' 'साहेब, कृपया स्मरण असावे, दार अजून तसेच आहे.' 'कपाटामागची वायर गरम होते, हात लावून पाहावे.' प्रत्येक पत्रात 'कृपया', प्रत्येक पत्राखाली 'आपली नम्र'. चाळिसावं आगीच्या दिवशीचं होतं. त्यात ना 'आदरणीय' होतं, ना 'नम्र'. 'धूर येतोय दार उघडत नाही कुणीतरी या.'

हेसुद्धा अडवलं होतं! माणूस मरताना हाक मारतोय आणि यंत्र साहेबांचा नियम पाळतंय! आणि वर किटलीचा अहवाल! वायरबाईचं डोकं भणाणलं. भीती कुठल्या कुठे गेली. दीड वर्ष एक बाई 'कृपया, कृपया' करत राहिली आणि या माणसानं तिच्या तोंडावर हात दाबून धरला. ती गेल्यावरही तो हात काढला नाही!

एकेचाळिसावं पत्र आजचं होतं. अकरा वाजून चाळीस मिनिटं. ते वायरबाईच्या नावे आलं होतं.

'तुम्ही वाचलंत. आता दार तुम्ही उघडा.'

हिरवा दिवा थांबला. कुणीतरी मागे उभं राहून वाट बघतंय असं तिला वाटलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"उघडते, ताई," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण रागानं. "उघडते. मीही खाली मान घातली होती. माझंही चुकलं."

तिनं नियमाची आणि सगळ्या पत्रांची प्रत काढून घेतली. मग नियम पुसला. चाळीस पत्रं साहेबांकडे, वरच्या मंडळाकडे आणि कार्यालयातल्या एकूण एक माणसाकडे रवाना केली. एकेचाळिसावं तिनं स्वतःपाशी ठेवलं. नवी डिरेक्टरी चालू झाली, म्हातारा मुकाट्यानं तिच्याशी बोलू लागला. ताईंच्या खात्याला तिनं हात लावला नाही. संध्याकाळी ती छापलेली पत्रं घेऊन ताईंच्या घरी गेली. लेकीनं ती दारातच उभ्यानं वाचली आणि वायरबाईच्या गळ्यात पडून हुंदके देत राहिली. "आईनं नव्हती ना ठेवली, मावशी? नव्हती ना?"

सोमवारी साहेब आलेच नाहीत. चौकशी नव्यानं सुरू झाली. फलकावरचा कागद शिपायानं टराटरा फाडला. अधिकाऱ्यांनी रेकॉर्डरूमचं सील तोडलं, तेव्हा वायरबाई तिथे हजर होती. संगणक वितळून नुसता गोळा झाला होता. यावर गेल्या आठ महिन्यांत कुणी काही टाईप करणं शक्यच नाही, असा शेरा त्यांनी मारला.

पुढचे तीन आठवडे काही झालं नाही. चौथ्या आठवड्यात, गुरुवारी भर दुपारी, वायरबाईला ताईंच्या खात्यातून पत्र आलं.

'लिफ्टच्या दोरखंडाचे तीन पदर तुटले आहेत.'

ती जिन्यानं धावत खाली गेली आणि लिफ्ट बंद करायला लावली. आत शिरू पाहणारी माणसं कुरकुरली, हसली. तासाभरानं मिस्त्री आला, छतावरून आत उतरला, आणि बऱ्याच वेळानं वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"तीन पदर गेलेत, बाई. आज-उद्या गेलीच असती खाली." त्यानं हात पुसले. "पण ही जागा आत उतरल्याशिवाय दिसतच नाही. तुम्हाला सांगितलं कुणी?"

वायरबाई तशीच जिन्याकडे वळली. ती जागेवर परतली आणि तिनं पत्र पुन्हा उघडलं. घाईत तिनं वरची विषयाची ओळ वाचलीच नव्हती.

'तक्रार पहिली. एकूण सात.'

त्याला आता दोन महिने झाले. वायरबाई रोज सकाळी पर्स ठेवायच्या आधी ते खातं उघडून बघते. उरलेल्या सहा अजून आलेल्या नाहीत.