साध्या फोनचा कप्पा

मला मीठमसाला लावून सांगायची खोड आहे, हे माझे मित्र शपथेवर सांगतील. पण या गोष्टीत मी पदरचा एक शब्द घातला, तर दामिनी माझ्याशी बोलणं सोडेल. तिनं हे मला भरदुपारी, माणसांनी गजबजलेल्या चहाच्या टपरीवर सांगितलं. एकांतात सांगायची तिची हिंमत नव्हती.

खोटं वाटलं तर खुशाल हसा. मीही आधी हसलो होतो.

गेल्या वर्षीचा पोळा नुकताच झाला होता. ठिकाण, ब्रह्मपुरी. दामिनी तिथं एका छोट्या ऑफिसात वेबसाइट सांभाळायचं काम करते. तिचं गाव वैनगंगेच्या काठावर. गावाचं नाव सांगत नाही, लोक उगाच बघायला जातील.

तिचे बाबा मनसाराम. सगळा जन्म नदीवर गेला. पुढे बाबा जाळं टाकणार, मागे लटारूकाका वल्हं मारणार. जवानीपासून हीच जोडी. त्यांच्या घरात एक नेम होता. डोंगा, म्हणजे लहान नाव, एकट्यानं काढायची नाही. जोडीदार गेला, तर नवा मिळेपर्यंत डोंगा काठावर पालथा.

लटारूकाका घरून निघताना बाबांना मिस कॉल द्यायचे. एकच रिंग. म्हणजे, 'निघालो, ये.'

माघात लटारूकाका गेले. नदी शांत, ऊन छान. बाबांना ताप होता म्हणून काका हट्टानं एकटेच गेले, आणि डोहात डोंगा उलटला. काका सापडले, डोंगाही सापडला. त्यांचा फोन सापडला नाही.

त्या दिवसापासून मनसारामांचा डोंगा काठावर पालथाच होता.

आता दामिनीच्या कामाचं थोडं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तिनं मासेमारांसाठी एक पान बनवलं होतं. वरच्या धरणाचे दरवाजे बंद आहेत की उघडले, एवढंच त्यावर दिसायचं. गावात रेंजची बोंब. म्हणून मधे एक सर्व्हर ठेवलेला. तो पानाची तयार प्रत जवळ ठेवतो आणि मागेल त्याला चटकन देतो. घरी माठ भरून ठेवावा, तसं. पण सगळ्यांना एकच प्रत चालत नाही. कॉम्प्युटरला मोठं पान, मोठ्या फोनला नकाशावालं, बटणांच्या साध्या फोनला नुसत्या दोन ओळी. म्हणून तीन कप्पे.

कोण आलं, हे सर्व्हरला कसं कळतं?

येणारा फोन स्वतःच सांगतो, मी अमुक आहे. सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. डोळे नाहीत ना त्याला.

साध्या फोनचा कप्पा दामिनीनं फक्त लटारूकाकांसाठी केला होता. काका मोठ्या फोनला हात लावत नसत. "तो काचेचा फोन बोटाले चिकटते," म्हणायचे. काका गेल्यावर त्या कप्प्याकडे कोणी फिरकलं नाही. तो काढून टाकायला तिचं मन धजेना. राहू दे, खातो काय!

तर त्या दिवशी संध्याकाळ व्हायला आली होती. बाहेर भुरभुर पाऊस. ऑफिसात दामिनी आणि तिचा सहकारी विक्की, दोघंच. विक्की समोसा खात होता. दामिनीच्या स्क्रीनवर, कोणत्या कप्प्यात कोण आलं, ते दिसत होतं.

आणि...

साध्या फोनच्या कप्प्यात कोणीतरी आलं.

तिला आधी बरंच वाटलं. गावात अजून कोणाकडे असेल एखादा जुना फोन. तिनं फोनचं नाव पाहिलं.

तिनं ते पुन्हा वाचलं.

तोच फोन. काकांचा. तिनंच बाजारातून आणून दिलेला, नंतर कंपनीनं बंद केलेला.

"विक्की, इकडं ये."

विक्कीनं वाकून पाहिलं. "असन कोणाचा तरी. तू काऊन एवढी भेली?"

तो पाहुणा पान मागत होता. एकदा मागितलं... पुन्हा मागितलं... पुन्हा. दार वाजवावं तसं.

सर्व्हर त्याला काय देतोय, ते तिनं उघडून पाहिलं. दोनच ओळी होत्या.

*दरवाजे बंद. पाणी शांत.*
*नदीत जायला हरकत नाही.*

खाली तारीख होती माघातली. काका गेले त्या दिवसाची.

त्या दिवशीचं पान खरंच होतं, पाणी शांतच होतं. पण ही प्रत इतके महिने राहायला नको होती. जुनी प्रत आपोआप पुसली जाते. तिनं लगेच कप्पा रिकामा केला.

कप्पा रिकामा झाला.

तिनं श्वास सोडला... आणि पाहुणा परत आला. कप्प्यात तीच प्रत. तीच तारीख.

"पूर्ण कप्पाच काढून टाक," विक्की म्हणाला. समोसा तसाच हातात राहिला होता.

तिनं कप्पा काढून टाकला. आता सर्व्हरवर दोनच कप्पे.

स्क्रीनवर मात्र तीन दिसत होते.

तेवढ्यात मोठ्या फोनचं पान बदललं. वर खूप पाऊस झाला होता. *दरवाजे उघडले. नदीत उतरू नका.*

दामिनीनं बाबांना फोन लावला. लागेना. मग आईला लावला. आई म्हणजे कुंताबाई.

"आई, बाबा कुठी हायेत?"

"नदीवर गेले ना."

"नदीवर? कोनासंगं?"

"जोडीदार हाय म्हने. मी शेन काढून राह्यली होती, पुसलं नाई. त्याईचा फोन एकडाव वाजला न बंद झाला. तसेच उठले."

"आई... एकच रिंग?"

त्या घरात एका रिंगेचा अर्थ सगळ्यांना पाठ होता.

"आई, धाव! पानी सुटलं! बाबाले डोंग्यात बसू देऊ नको, धाव!"

विक्कीनं गाडी काढली. भातशेतांमधून जाणारा तो रस्ता दामिनीनं हजारदा पाहिलेला, पण त्या दिवशी संपता संपेना. ती सारखी एकच म्हणत होती, माझे बाबा जाऊ नयेत. माझे बाबा जाऊ नयेत. बाकी काही तिला सुचत नव्हतं.

घाटावर पोचले तेव्हा नदी लाल होऊन फुगली होती. झाडांच्या फांद्या वाहत होत्या.

काठावर चिखलात बाबा बसले होते. नखशिखांत ओले, पण जिवंत. कुंताबाईंनी त्यांचा सदरा दोन्ही मुठींत धरला होता, सुटेल म्हणून. दामिनी जाऊन बाबांच्या गळ्यात पडली आणि लहान पोरीसारखी रडली.

डोंगा नव्हता.

"वाहून गेला का?" विक्कीनं विचारलं.

कुंताबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मी आली तं हे पुढं बसले होते. डोंगा पान्यात निंगाला होता. मी बोंबलली. हे घाबरले, उडी मारली, मी वढलं. मागं कोनी नोहतं. पोरी, मी ह्या डोयानं पाह्यलं, मागं कोनी नोहतं..."

"मंग?"

"मागचं वल्हं चालूच होतं."

विक्की नदीकडे पाहू लागला.

"डोंगा वरतं गेला," त्या म्हणाल्या. "धारेच्या उलटा. डोहाकडं."

दामिनीनं बाबांच्या खिशातून फोन काढला. तिनंच घेऊन दिलेला मोठा, काचेचा फोन. कॉलच्या यादीत त्या संध्याकाळचा एकही कॉल आलेला नव्हता. आणि स्क्रीनवर नकाशा नव्हता, चित्र नव्हतं. पांढऱ्यावर काळ्या दोन ओळी होत्या.

*दरवाजे बंद. पाणी शांत.*
*नदीत जायला हरकत नाही.*

पान मागणारा पाहुणा बाबांचाच फोन होता. पण सर्व्हरशी बोलताना तो स्वतःला लटारूचा फोन म्हणवत होता.

का? विक्कीनं त्या फोनमधलं सगळं पुसलं, फोन तपासला, मोठ्या दुकानात दाखवला. फोनला काहीच झालेलं नव्हतं. दामिनीनं सर्व्हर नव्यानं उभा केला, दोनच कप्प्यांचा. तिसरा पुन्हा दिसला नाही. बाबांनीही नदीचं नाव काढलं नाही. ओसरीवर बसून जुनं जाळं विणत राहिले. जोडीदाराचा राग आला का, असं आईनं एकदा विचारलं. "राग काऊन?" बाबा म्हणाले. "तो एकटाच हाय तिथी. डोंगा दोघांचा असते."

दिवाळीत त्यांनी दामिनीकडे एक वस्तू मागितली. आयुष्यात कधी काही न मागणारा माणूस.

"पोरी, मले साधा फोन घेऊन दे. लटारूचा होता तसा."

तिनं दिला नाही. आज देते, उद्या देते, करत राहिली. मीही तिला सांगितलं, देऊ नकोस.

हे सगळं ती मला टपरीवर सांगत होती, तेव्हाच तिचा फोन वाजला. आईचा होता. टपरीवर गलका म्हणून तिनं स्पीकर लावला. मी माझ्या कानांनी ऐकलं.

"दामिनी, बाबाले साधा फोन देला का वं तू?"

"नाई, आई. काऊन?"

"त्याईच्या उशीखाली हाय. वला हाय, पोरी. उशी पूर्न वली झाली."

दामिनीनं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"आई, बाबा कुठी हायेत?"

"इथीच झोपले होते आत्ता," कुंताबाई म्हणाल्या. "थांब... वाजला होता एकडाव."