बिननावाचा तुडतुडा

"मॅडम, किडे पिऊन राह्यल्या का?"

रोशनी इतकी दचकली की तोंडातली रबरी नळी सुटली. आर्वीजवळच्या त्या गवतात ती गुडघे टेकून बसली होती. मागे, कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक तरुण उभा होता.

"पीत नाही, नळीने ओढून पकडते. मध्ये जाळी असते."

"अन् जाळी फाटली तं?"

"तर पिते."

तो मान खाली घालून हसला. रत्नदीप त्याचं नाव. कपाशी त्याची, गवतही त्याचंच. रोशनी सेलूची, वर्ध्याला एम.एस्सी. करत होती. तिने गवताचं पातं वाकवून दाखवलं. तांदळाच्या कणीएवढा, फिकट हिरवा तुडतुडा. बोट जवळ नेताच तो तिरका चालत पात्याआड गेला.

"लाजते वाटते," रत्नदीप म्हणाला. पण पाहत होता तो तिच्याकडे...

मग ती दर शनिवारी येऊ लागली. रत्नदीपला धुऱ्यावर नेमकं तेव्हाच काम निघू लागलं.

रोशनीच्या जिवाला मात्र घोर होता. अशा बारीक तुडतुड्यांच्या कितीतरी जाती वरून सारख्याच दिसतात. खरी ओळख नराच्या पोटाच्या टोकाशी, आत दडलेली असते. ते अवयव काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. आणि तिला मिळत होत्या नुसत्या माद्या. आणि आता येत्या सोमवारी प्रबंध द्यायचा होता. तुडतुड्याला नाव नाही, तर मुख्य प्रकरण नाही. म्हणजे वर्ष वाया.

शेवटच्या शनिवारी रत्नदीप वाटेतच उभा होता. चेहरा खुललेला.

"तुमचं काम सोपं केलं. कपाशीवर फवारत होतो, तं तुमच्या गवतावरबी मारून देल्लं. एक तुडतुडा नाई राह्यला आता."

रोशनीच्या आता लक्षात आलं. कपाशीवाल्या माणसाला तुडतुडा म्हणजे वैरी. तो पकडायला आलेली मुलगी त्याच्या नायनाटासाठीच आली असणार, असं त्याने धरलं होतं. आणि आपण तरी इतक्या दिवसांत कुठे सांगितलं?

"मला ते जिवंत हवे होते... नर हवा होता," ती कशीबशी म्हणाली. तिने डोळे पुसले.

रत्नदीपचा चेहरा उतरला. गवत कापायला आलेली त्याची आई, जिजाबाई, कपाळावर हात मारून म्हणाली, "गाईचं गवत नासवलं ते नासवलं, आता पोरीले रडवते का? जाय, नाल्याकडं पाह्य."

नाल्याकडच्या उतारावर पंप पोचला नव्हता. तिथे तेच गवत थोडं उरलं होतं. दोघं समोरासमोर बसले. रोशनीने भिंग आणि किडे ठेवायची छोटी बाटली त्याच्या हाती दिली.

"खालून पाहा. मादीला टोकाशी सुईसारखं दिसतं. नराला नाही."

"इथं सुई... इथंबी सुई."

उन्हं कलली. भिंग देता-घेता बोटं लागत, आणि दोघंही उगीच गवताकडे पाहत.   मग रत्नदीपने आणखी एक तुडतुडा बाटलीत घेतला. बराच वेळ बाटली डोळ्यांसमोर धरून बसला.

"काय आहे?" तिने विचारलं.

त्याने सावकाश बूच लावलं आणि बाटली पुढे केली. "सुई नाई याले."

रविवारी वर्ध्याच्या प्रयोगशाळेत रोशनी टाचणी घेऊन बसली. नर एकच, टाचणीचं टोक जरा घसरलं की संपलं. रत्नदीप सकाळच्या एसटीने आला होता, दाराबाहेर फेऱ्या मारत होता. तिने श्वास रोखून ते इवलंसं पोट उकललं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहिलं. हे नाही... हेही नाही... आणि मग एक चित्र तंतोतंत जुळलं.

ती बाहेर आली. "मिळालं नाव. नवी नाही, आधी नोंदलेलीच जात आहे, पण नाव पक्कं."

"चांगलं झालं," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता. "म्हंजे आता तुमचं तिकडं काम नाई."

"नाही."

"एक सांगू? काल तो सापडला, तवा बूच हातातच होतं. वाटलं, उडून जाऊ द्यावं. सापडला नाई तं तुमी पुन्हा येसान..."

रोशनीने विचारलं, "मग सोडला काऊन नाही?"

"तुमचा चेहरा पाह्यला. कालपासून तोच डोळ्यांपुढं हाये." त्याने मान खाली घातली, पण या वेळी तो हसत नव्हता. "मले तुमी आवडता. राग आला तं सांगा, मी जातो."

व्हरांड्यात कुणी नव्हतं. रोशनीने त्याच्या बाहीला चिकटलेलं कुसळ काढलं. हात मात्र लगेच मागे घेतला नाही.

"प्रबंध दिला की येते," ती म्हणाली. "शनिवारी."

"काय शोधायले?"

"काही नाही. नळी घरी ठेवून येईन."