तारेला बटण नसतं

"माझ्या पोराला उडवणाऱ्या गाडीचा रंग कॅप्टनच्या गाडीशी जुळत नाही म्हणे," ग्लेंडा हार्टिगन म्हणाली. "फुटबॉल क्लबचा लाडका सुटला. अहवाल खोटा आहे, रूथ. ज्याने लिहिला, त्याला मला रडताना बघायचंय."

खासगी गुप्तहेर रूथ कालिनोव्स्कीने अहवालाची प्रत पर्समध्ये टाकली. तिचा कामातला जोडीदार डेस याला मात्र बाईचे डोळे बघून धसकाच बसला.

माउंट गॅम्बिअरच्या त्या प्रयोगशाळेत रंगाचा कण जाळून त्याच्या वाफांवरून ओळख पटवत. कण तापवायची यंत्रं तीन, भट्टीचं, पट्टीचं आणि तारेचं; माणसंही तीनच.

भट्टीवरचा ह्यूसन खेकसला, "माझ्या भट्टीचं तापमान दिवसभर एकच. त्या मुलाच्या कपड्यांवरच्या कणाला मी हात लावला नाही. पट्टीचं यंत्र तर ईस्टरपासून बंद पडलंय. साहेबांना सांगून जीभ झिजली."

"म्हणजे उरलं तारेचं," रूथ म्हणाली.

"त्यात मी लोखंडाची तार बसवून ठेवली होती," ते यंत्र चालवणारी व्हेरॉनिका टान म्हणाली. "लोखंड सातशे सत्तर अंशांना पोचतं आणि थांबतं. तापमान बदलायचं तर तार बदलायची. पण त्या दिवशी साहेब म्हणाले, तू घरी जा, मी बघतो."

डेसने जांभई दाबली.

संचालक स्ट्रॅहन सगळ्यांत मनमोकळा निघाला. त्याने स्वतः चहा केला. भिंतीवर पट्टीच्या यंत्रावर काम शिकणाऱ्या तरुण स्ट्रॅहनचा फोटो होता, खुंटीवर फुटबॉल क्लबचा मफलर. क्लबचा अध्यक्षही तोच.

"मीच केली चाचणी, तारेच्या यंत्रात. बटण हळूहळू फिरवत सहाशेपर्यंत नेलं. डोळ्यांत तेल घालून बघत होतो."

बाहेर येताच डेस म्हणाला, "माणूस सरळ आहे. मला तो ह्यूसन खटकतो."

"तुला चहा पाजणारा प्रत्येक जण सरळ वाटतो, डेस. ग्लेंडाला बोलाव."

स्ट्रॅहनच्या खोलीत सगळे जमले तशी रूथ उभी राहिली. "स्ट्रॅहन, तारेच्या यंत्राला तापमानाचं बटणच नसतं. तार क्षणात तापते, तीही तिच्या धातूने ठरवलेल्या तापमानापर्यंतच. हळूहळू चढवता येतं ते पट्टीचं यंत्र, ज्यावर तुम्ही काम शिकलात. ते ईस्टरपासून बंद आहे. भट्टीत बटण फिरवायचा प्रश्नच नाही. म्हणजे तुम्ही काहीच जाळलं नाहीत. दुसऱ्याच गाडीचा जुना आलेख जोडलात, कॅप्टन वाचावा म्हणून. मग कण आहे कुठे?"

स्ट्रॅहनचा हात नकळत खणाकडे गेला. डेसने तो धरला. व्हेरॉनिकाने खण उघडला. पोलिसांच्या पाकिटात पांढरा कण जसाच्या तसा होता.

"ग्लेंडा, ऐक," स्ट्रॅहन हुंदकत म्हणाला. "एकोणीस वर्षांचा आहे गं तो. आयुष्य संपेल त्याचं."

"माझा सतराचाच राहिला."

तिला हवे होते ते अश्रू त्याच्या गालावर आले होते. तिचं समाधान झालं नाही.

"शनिवारी सामन्याआधी माईक तुझ्याच हातात असतो ना?" ती म्हणाली. "कॅप्टनच्या आईबापासमोर, तू काय लपवलंस ते तूच सांगायचंस. मी पहिल्या रांगेत बसणार आहे."