चटईखालचं पाणी

"सेमेसे, ऊठ! जमिनीखाली कोणीतरी पाणी पितंय!"

"पिऊ दे की!" मामेभावानं कूस बदलली. "तू झोप ना, बाई!"

झोप! पेलेनिकेला तीच तर येत नव्हती. शहरात, फुनाफुतीला घरी तिचा स्वतःचा पलंग होता. इथे मामाच्या बेटावर सगळे ओळीनं जमिनीवर चटया टाकायचे आणि पाठ टेकली की घोरायचे! सुट्टीला आल्यापासून ती रोज तळमळत होती. आज तर सकाळचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं.

कित्येक दिवस पाऊस नव्हता. विहिरीचं पाणी खारट, गावची टाकी लांब, त्यामुळे सगळी मदार घराखालच्या टाकीवर. सकाळी आजोबांनी टाकीत काठी बुडवली, तर ती जेमतेम टोकाला भिजली!

"शहरातली पोरगी आली आणि पाणी घटलं," मामी सगळ्यांदेखत म्हणाली. "चोरून आंघोळ करत असणार!"

पेलेनिकेनं शपथा घेतल्या, पण कोणी ऐकलं नाही. येत्या बोटीनं तिला परत पाठवायचं ठरलं. घरी पलंग होता हे खरं, पण चोर म्हणून जायचं?

तिनं सेमेसेचं डोकं धरून जमिनीवर टेकवलं. "आता ऐक!"

"अगं, खरंच! सुर्रर्र करतंय!"

त्याची धाकटी बहीण लिताही जागी झाली. "भूत आहे का?"

"भुताला कशाला तहान लागतेय!" पेलेनिके म्हणाली आणि उठली.

तिघं मागच्या दाराशी गेली. टाकीचं झाकण किंचित उघडं होतं. आतून एक नळी निघाली होती आणि झुडपांतून थेट पुलाकाच्या खड्ड्यात उतरली होती! पुरुषभर खोल खड्ड्यात मामाचा पुलाका, बेटावरचं कंदाचं पीक, अळूसारखी मोठमोठी पानं पसरून उभा होता आणि बुंध्याशी गोडं पाणी वाहत होतं.

"पुढे जाऊ नकोस!" सेमेसे कुजबुजला. "बाबांचा पुलाका आहे. ते खत काय घालतात ते कोणी बघायचं नसतं! मलासुद्धा मोठा झाल्यावरच सांगणार आहेत."

"पण बाबा तर आत घोरतायत," लिता म्हणाली.

"तेच तर!" पेलेनिकेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "मामांनी नळी सोडायची, जरा पडतो म्हणायचं, की लागला डोळा! पहाटे उठून बंद करतात. त्यांना वाटतं, घोटभरच गेलं!"

सेमेसेचा चेहरा उतरला. "आजोबा बाबांना फाडून खातील गं."

"आणि मला चोर म्हणतात त्याचं काय?" पेलेनिकेला रडू फुटलं.

सेमेसेनंच पुढे होऊन नळी ओढून काढली.

पहाटे मामा धडपडत उठला आणि मागच्या दारी पळाला. झाकणाजवळ शोधलं, झुडपांत शोधलं, खड्ड्यात वाकून पाहिलं.

"काय हरवलंय, फालानी?" मागून आजोबांचा आवाज आला.

"काही नाही! सहज!"

"हे का, बाबा?" लितानं पाठीमागची नळी पुढे केली.

मामाचं तोंड एवढंसं झालं! "खड्ड्यात खारं पाणी चढलं होतं हो, पानं पिवळी पडत होती. एकेक घोटच देणार होतो..."

"एकेक घोट? अख्खी टाकी पाजलीस!" आजोबा गरजले. "गावच्या टाकीवरून आता खांद्यावर पाणी आण. आणि ही पोरगी! आम्ही सगळे टाकीवर कान ठेवून झोपतो, पण ऐकलं हिनंच. शाबास!"

मामीनं पेलेनिकेला जवळ ओढलं. "चुकलं माझं, बाळा. आळ घेतला तुझ्यावर. आता सुट्टी संपेपर्यंत इथेच राहायचं."

त्या रात्रीही पेलेनिकेला झोप येईना. मामीनं आपली चटई ओढून तिच्या चटईला लावली.

"तुझा डोळा लागेपर्यंत मी झोपणार नाही," मामी म्हणाली. "बोल, काय बोलू या?"