शिंगं नसलेली म्हैस

"हलू नका! कुणीही हलू नका!" पुष्पा ओरडली.

"म्हशींना हे कोण सांगणार?" काठावरून कौतिक म्हणाला.

मेहरूणच्या तळ्यात म्हशी निवांत बसल्या होत्या. गुडघाभर पाण्यात उभी असलेली पुष्पा पोटाशी धरलेल्या काळ्या डब्यात वाकून बघत होती. डबा म्हणजे कॅमेरा! धुळ्याच्या काकांनी जुना झाला म्हणून तिला देऊन टाकला होता. मेहरूणला मामाकडे सुट्टीला येताना अख्ख्या प्रवासात तिने तो मांडीवरून खाली ठेवला नव्हता. साल होतं १९३८, दिवस अक्षय्य तृतीयेचा, म्हणजे खानदेशातल्या आखाजीचा. बारा वर्षांच्या मुलीच्या हातात कॅमेरा म्हटल्यावर लोक हातातलं काम टाकून बघायला यायचे. मग पुष्पाची पंचाईत व्हायची, कारण तिला नेमका कामात असलेल्या माणसांचाच फोटो हवा असायचा.

"आज आखाजी आहे," नासीर म्हणाला. "झोक्यावर पोरी नटूनथटून बसल्यात. त्यांचा काढ की!"

"नटलेल्यांचे फोटो जळगावचा रतिलाल काढतो. मला रोजचं हवंय."

"म्हशींपेक्षा रोजचं काय असणार!" कौतिक म्हणाला, आणि तेवढ्यात खटका दाबला गेला.

पुष्पा काठावर येते न येते तोच रस्त्यावर घुंगरं वाजली. नासीरचे अब्बा, जब्बारचाचा, बैलगाडी घेऊन चालले होते. ते गाद्या भरायचे आणि भाड्याने गाडीही हाकायचे. गाडीत ताडपत्रीखाली मोठा ढीग होता. पुष्पा धावत रस्ता ओलांडून पलीकडे गेली. आता समोर गाडी आणि गाडीमागे नुसतं पाणी.

"चाचा, इकडे बघू नका हं!"

"नाही बघत, बेटी," असं म्हणत चाचांनी चांगलं मान वळवून बघितलं.

संध्याकाळी तिने रोल रतिलालच्या दुकानात टाकला. आखाजीची लग्नं दणक्यात चालू होती. रतिलालला मान वर करायला फुरसत नव्हती. "ठेव तिथे," तो म्हणाला, आणि पुष्पाने ठेवला.

फोटो आले त्याच दिवशी बोंब झाली. नानांची मोट चोरीला गेली!

नाना म्हणजे रूपचंद, कौतिकचे वडील आणि पुष्पाचे मामा. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून पुष्पाही. आखाजीला सालदाराचं वर्ष संपतं. जुना गडी जातो, नवा येतो. नानांचा जुना सालदार पुना सणाच्या दिवशी हिशेब चुकता करून यावलकडे आपल्या गावी गेला होता. नवा सालदार वना सणानंतर विहिरीवर बैल घेऊन गेला, तर पाणी उपसायची चामड्याची भलीमोठी मोटच जागेवर नाही! केळीला पाणी कसं द्यायचं? ऊन तर असं, की सकाळी पान हिरवं आणि संध्याकाळी पिवळं.

नानांनी डोकं लावलं. लावलं म्हणजे काय, समोर जे दिसलं त्याच्यावर आपटलं! पुष्पाचे फोटो घरात हातोहात फिरत होते, त्यातला गाडीचा फोटो त्यांनी उचलला आणि तडक चावडी गाठली. जब्बारचाचांना तिथे बोलावणं गेलं.

नाना रागावले की अहिराणीत शिरत. "मन्ही मोट कोठे शे, जब्बार?"

"नाना, मला काय ठाऊक! आखाजीला मी लग्नघरच्या गाद्या घेऊन शिरसोलीला गेलो. येताना रिकामी गाडी दुसऱ्या वाटेने आणली."

"रिकामी? मग हे काय?" नानांनी फोटो पोलीस पाटलांसमोर आपटला. "रस्त्यावरून तळ्याकडे तोंड केलं की उजवीकडे जळगाव, डावीकडे माझा मळा आणि पुढे शिरसोली. यात गाडी कुठे चालली आहे? उजवीकडे! मळ्याकडून जळगावला! आणि ताडपत्रीखाली ढीग!"

पाटलांनी फोटो बघितला, गावाने बघितला. गाडी उजवीकडेच चालली होती.

"नाना, हे खोटं आहे!" पुष्पा ओरडली. "चाचा शिरसोलीकडे जात होते. आम्ही तिथेच होतो!"

"मग फोटो खोटा का? काल जेवताना कोण म्हणत होतं, माणूस खोटं बोलेल पण फोटो बोलणार नाही?"

ते पुष्पाच म्हणाली होती. अगदी याच शब्दांत, वर हात नाचवून. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"कौतिक, तू सांग ना!"

"मी पाहिलं होतं..." कौतिक वडिलांकडे बघत म्हणाला, "पण आता फोटो बघून मलाच काही कळेनासं झालंय."

"ऊन उतरलं की याला जळगावला फौजदाराकडे नेऊ," पाटील म्हणाले. जब्बारचाचा चावडीच्या पायरीवर बसले. त्यांनी फक्त डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

नासीर गोठ्यात बैलांना कडबा टाकत होता. पुष्पा आणि कौतिक आले तरी त्याने मान वळवली नाही.

"बोलणार नाहीस का माझ्याशी?" पुष्पाने विचारलं.

"बैलांना चारा घालतोय."

"नासीर, माझ्यामुळे झालं हे सगळं. पण मी डोळ्यांनी पाहिलंय रे, गाडी तिकडेच जात होती!"

"तू पाहिलंस. तुझ्या डब्याने नाही पाहिलं."

पुष्पाने खाली सांडलेला कडबा उचलून बैलांपुढे टाकला. कौतिकला मात्र गप्प बसणं जमत नसे. "नुसतं बोलून काय होणार? आपण गाडी जुंपू, शिरसोलीला जाऊ आणि लग्नघरच्या माणसालाच उचलून आणू!" त्याने मोडक्या शिंगाचा मोत्या सोडला आणि जुवाच्या उजव्या बाजूला ढकलायला लागला. मोत्याने आधी मान झटकली. मग पाय रोवले. मग असा हिसडा दिला, की कौतिक थेट शेणात!

कितीही राग असला तरी नासीरला हसू फुटलं. "अरे गाढवा, मोत्या डावीकडचा! उजवीकडचा तो सर्जा. मोत्या जन्मात उजवीकडे उभा राहिलेला नाही."

"मला काय माहीत!"

"शेतकऱ्याचा पोर ना तू?"

"थांबा!" पुष्पा किंचाळली. तिने झग्याच्या खिशातून फोटोचं पाकीट काढलं. गाडीचा फोटो नानांकडे होता, पण त्याची फिल्म पाकिटात होती. ती तिने उजेडात धरून बघितली, मग उलटी करून पुन्हा बघितली. "कौतिक, ऊठ! शेण नंतर धू! चला चावडीवर!"

चावडीवर पाटील निघायच्या तयारीत होते. पुष्पा नानांसमोर जाऊन अगदी भोळा चेहरा करून उभी राहिली.

"नाना, एक विचारू? डावीकडचा बैल उजवीकडे जुंपला तर चालतं का हो?"

"ही वेळ आहे का विचारायची?"

"कौतिक म्हणतो चालतं."

"काय?" नाना ताडकन उठले. "माझा पोर असं म्हणतो? अरे, ज्या बैलाला जी बाजू लावली ती लावली! उलटा जुंपलास तर गाडी नाल्यात जाईल!"

"आणि जब्बारचाचांचा मोडक्या शिंगाचा बैल कुठल्या बाजूचा?"

"मोत्या? डावीकडचा. सगळ्या मेहरूणला माहीत आहे."

"मग हा फोटो बघा. गाडी उजवीकडे चालली आहे, म्हणजे आपल्या बाजूला दिसतोय तो उजवीकडचा बैल. त्याचं शिंग कसं आहे?"

नानांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. लांब नेला. पुन्हा जवळ आणला.

"मोत्या!" ते पुटपुटले. "हा... हा उजवीकडे कसा?"

"तो डावीकडेच होता, नाना. फोटो उलटा छापलाय! फिल्मच्या कडेला आकडे असतात. ते उलटे दिसत असले, की फिल्म उलटी धरलेली. आता सरळ वाचता येतील अशी धरते. गाडी कुणीकडे चालली?"

पाटलांनी फिल्म उजेडात धरली. "डावीकडे," ते म्हणाले. "शिरसोलीकडे!"

"लग्नांच्या घाईत रतिलालने फिल्म उलटी लावली," पुष्पा म्हणाली. "आणि तुम्ही गाडी बघितली, बैल बघितलेच नाहीत!"

नाना घाम पुसत म्हणाले, "बरं, मानलं. पण मग मोट गेली कुठे?"

तेवढ्यात कौतिक खो खो हसत सुटला. तो बाकीचे फोटो चाळत बसला होता. "पुष्पे, तुझी ही म्हैस बघ! शिंगंच नाहीत! कानही नाहीत!"

पुष्पाने फोटो हिसकावला. पाण्यात म्हशींच्या पाठी दिसत होत्या, आणि बाभळीजवळ आणखी एक काळी, गोल, चकचकीत पाठ. डोकं नसलेली.

"मोट!" तिघंही एकदम ओरडली, आणि तळ्याकडे पळत सुटली. मागून पाटील, त्यांच्या मागून गाव, आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकत नाना.

मोट तिथेच होती! दोराने बाभळीच्या मुळीला बांधलेली, आत दगड घालून अर्धी बुडवलेली, भिजून लोण्यासारखी मऊ झालेली. नासीरने दोर ओढला तशी ती फसकन वर आली.

नानांनी कपाळावर हात मारला. "पुना... आखाजीला दुपारी निघताना पुना सांगत होता, 'नाना, मोट तयामा भिजाले टाकी शे.' मोचीकडून शिवून आली तेव्हा कडक होती ना, म्हणून तळ्यात भिजत टाकली!"

"मग तुम्ही काय म्हणालात?" कौतिकने विचारलं.

"मी... हूं म्हणालो."

"हूं!" कौतिकची आई मंजुळामामी गर्दीतून पुढे आल्या. "आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खाऊन घोरत होतात तुम्ही. झोपेत हूं म्हणायचं, आणि जागेपणी दुसऱ्याच्या नावाने बोंब ठोकायची!"

नाना जब्बारचाचांपाशी गेले. "जब्बार, चूक झाली. सगळ्या गावासमोर बोललो, म्हणून सगळ्या गावासमोर माफी मागतो."

चाचांनी हातातली टोपी डोक्यावर नीट बसवली आणि मगच मान हलवली. पुष्पा मागे मागे सरकत होती. त्यांनी तिलाच हाक मारली. "बेटी, तुझ्या फोटोने अडकलो खरा. पण तो नसता तर नानांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं, आणि तेव्हा मला सोडवायला फोटोतला मोत्या नसता."

"पोरं हुशार निघाली," पाटील म्हणाले. "आम्ही माणसं बघत बसलो, यांनी बैल बघितले!"

रतिलालने शरमेने नवा रोल फुकट दिला. नाना धुतलेलं धोतर नेसून, मोटेवर हात ठेवून ऐटीत उभे राहिले. "काढ माझा."

"पहिला चाचांचा," पुष्पा म्हणाली. "तुम्ही मोत्याचा कासरा धरा. आणि हलू नका!"

तो फोटो छापताना पुष्पा रतिलालच्या दुकानातून हलली नाही. फोटोत मोत्या त्याच्या जागी आहे, जुवाच्या डावीकडे. जब्बारचाचा मधोमध सरळ कॅमेऱ्याकडे बघतायत. कडेला कासरा धरून नाना उभे आहेत. त्यांची मान खाली आहे, आणि पुष्पाने सांगितल्याप्रमाणे ते जराही हललेले नाहीत.