सहा पडेपर्यंत

मे महिन्यात मी बाबांना आणायला हैदराबादला गेले, तेव्हा माझ्याजवळ एक रिकामी बॅग, चिकटपट्टीची चार रिळं आणि आठवड्याची रजा होती. काम साधं होतं. बरकतपुऱ्यातलं भाड्याचं घर आवरायचं, सामान ट्रकनं पुण्याला पाठवायचं आणि बाबांना माझ्या घरी घेऊन यायचं. आई फेब्रुवारीत गेली होती. बाबांना मधुमेह, त्यात उजव्या पायाची जखम भरत नव्हती. खाली राहणाऱ्या घरमालकीण भामाकाकूंनी जूनपासून वरचा मजला दुसऱ्या कुटुंबाला कबूल केला होता.

बाबांनी कशालाच नाही म्हटलं नाही. भांडी घे म्हणाले, आईची कपाटं उघड म्हणाले. मी गच्चीकडच्या जिन्याला लागले तेव्हा मात्र त्यांनी हाक मारली.

"प्रणू, वरच्या खोलीला हात लावू नक्को. खेळ चालू आहे."

तो खेळ म्हणजे काय, ते आधी सांगते. माझे वडील, गौतम गजभारे, पोस्टात नोकरीला होते. आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं मांडतात, तिथं त्यांना तरुणपणी एक जाडजूड पुस्तक मिळालं. नेपोलियनच्या लढायांचं, नकाशांसकट. नांदेडकडच्या खेड्यातून आलेल्या या माणसाला त्यात काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी पुठ्ठ्याचे शिपाई कापून जमिनीवर लढाई मांडली. आई शाळेत चित्रकला शिकवायची. तिला ते पुठ्ठे बघवेनात. तिनं रंग आणले, अगदी बारीक कुंचले आणले. पुढं परदेशातून प्लास्टिकचे, अंगठ्याच्या पेराएवढे शिपाई मागवणं सुरू झालं. आईनं अकराशे शिपाई रंगवले, कोटाच्या बटणांसकट, वर वर्निशचा हात देऊन. गच्चीवरच्या खोलीत प्लायवूडचं मोठं टेबल झालं. त्यावर हिरवं कापड, थर्माकोलच्या टेकड्या, चाळलेल्या वाळूचे रस्ते.

आणि दोघं खेळायचे. बाबा नेहमी फ्रेंच. आई नेहमी त्यांच्या विरुद्ध. रोज दुपारी चार वाजता, चहाआधी. बहुतेक वेळा आईच जिंकायची.

शेवटचा डाव वॉटर्लूचा होता. त्या लढाईत इंग्रज एका टेकडीवर तग धरून राहतात आणि संध्याकाळी त्यांच्या मदतीला प्रशियन सैन्य येतं. ते आलं की फ्रेंच संपले. यांच्या खेळात नियम असा होता, की आईनं आपल्या प्रत्येक चालीला एक फासा टाकायचा. सहा पडले की प्रशियन टेबलाच्या उजव्या कडेनं आत येणार. तोवर ते बिस्किटाच्या डब्यात.

त्या दिवशी आईची चाल होती. "चहा टाकून येते. माझी चाल आहे, हात लावू नका," असं म्हणून ती खाली उतरली आणि स्वयंपाकघरात कोसळली, ती उठलीच नाही. मी पुण्याहून दुसऱ्या दिवशी पोचले. बाबांनी माझ्यासाठी तिला थांबवून ठेवलं होतं.

"बाबा, कुणाचा खेळ चालू आहे?" मी जिन्यातूनच विचारलं.

"आमचा," ते म्हणाले. "रोज एक चाल. एक दिवस तिची, एक दिवस माझी... नाही, रोज दोघांची. चारला ती फासा टाकते, मग मी खेळतो. अजून सहा पडले नाहीत."

"किती दिवस झाले?"

"ब्याऐंशी."

 त्या रात्री भामाकाकूंपाशी रडले. काकू म्हणाल्या, "काय सांगू माय. दुपारी मीबी आवाज ऐकते वरून. मला वाटलं तेच खेळायलेत एकटे."

दुसऱ्या दिवशी बाबा मला जिन्यात घेऊन बसले. वरून तिसरी पायरी. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. "ती फासा टाकताना कुणी बघितलेलं तिला चालत नाही," ते म्हणाले. ऊन असं तापलं होतं की जिन्याचा कठडा हाताला सोसत नव्हता. गल्लीत सगळं निपचित. कुठंतरी एक कूलर घरघरत होता, तोही वीज गेल्यावर थांबला. आणि त्या शांततेत वर्निशचा वास आला. जुना, सुकलेला नव्हे. नुकतीच बाटली उघडल्यासारखा. त्याच्या पाठोपाठ आईच्या डोक्याला लावायच्या बामचा.

मग स्टीलच्या वाटीत फासा पडला.

टण्... टण्... आणि बारीक गरगर, थांबेपर्यंत.

बाबा माझ्या शेजारी होते. त्यांचा हात माझ्या हातात होता. खोलीला दुसरं दार नाही.

ते सावकाश उठले, वर गेले. मी त्यांच्या पाठीआडून पाहिलं. वाटीत तीन. टेकडीमागची लाल कोटवाल्या इंग्रजांची एक रांग बोटभर डावीकडं सरकली होती. कापडावर ती मूळ जिथं होती तिथल्या खुणा अजून दबलेल्या होत्या. बाबांनी वाकून बघितलं आणि ते हसले. ब्याऐंशी दिवसांत पहिल्यांदा हसले असतील असं मला वाटलं, पण नाही. ते रोजच असे हसत असणार. त्यांनी आपली एक तुकडी दोन बोटं पुढं नेली.

"काल हीच मागं घेतली होती," ते म्हणाले. "उद्या परत मागं घेईन. मीबी हल्लू खेळायलाव. एवढ्या दिवसांत एक शिपाई पडला नाही, बघ."

मी टेबलाकडं पाहिलं. खरंच, टेबलावरचा एकूण एक शिपाई उभा होता.

मला भीती वाटली, खोटं सांगत नाही. पण भीतीपेक्षा वाईट काहीतरी वाटलं. आई तिथं होती आणि मला ओळखही दाखवत नव्हती.

गुरुवारी बाबा त्याच जिन्यात चक्कर येऊन पडले. सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं. साखर एकदम उतरली होती. अंबरपेठेतल्या डॉक्टरांनी पायाची पट्टी सोडली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "यांच्याजवळ चोवीस तास कुणीतरी पाहिजे. असंच चाललं तर पावसाळ्यापर्यंत पाय काढावा लागेल."

रिक्षातून येताना मी म्हणाले, "बाबा, शनिवारी ट्रक येतोय. आपण टेबल जसंच्या तसं पुण्याला मांडू."

"ती पुण्याला कशी येईल गं? तिला तुझं घर माहीत नाही."

खरं होतं. पुण्यात घर घेतल्यापासून दोन वर्षांत मी तिला एकदाही बोलावलं नव्हतं. घर लावून झालं की बोलावते, म्हणायचे.

"मग खेळ संपल्यावर?"

"संपल्यावर येतो," ते म्हणाले. "संपल्यावर इथं काय आहे माझं?"

शुक्रवारी दुपारी औषधानं बाबांचा डोळा लागला होता. चारला पाच मिनिटं कमी असताना मी एकटी वर गेले आणि दार लावून घेतलं.

आत उकाडा होता, पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, आईच्या खुर्चीपाशी, माठाजवळ येतो तसा गारवा होता. मी टेबलाच्या अलीकडं, बाबांच्या जागी उभी राहिले. वर्निशचा वास आला. बामचा आला. खुर्चीच्या वेताला कुणी अंग टेकलं की होतो तसा करकर आवाज झाला.

"आई..." मी म्हणाले. "मी प्रणिता..."

वाटी हलली नाही. फासा आपोआप उचलला गेला असं मी पाहिलं नाही, तसं काही सांगणार नाही. मी पापणी मिटली, उघडली, आणि फासा वाटीत फिरत होता, एवढंच. फिरत फिरत मंद झाला. थांबला.

दोन.

समोरून एक बारीक सुस्कारा आला. सुटका झाल्यासारखा. तो मी ओळखते. लहानपणी माझा ताप उतरला की ती असाच सोडायची.

"आई, त्यांचा पाय जाईल," मी म्हणाले. "मला त्यांना नेऊ दे."

आणि मी हात पुढं केला. फासा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा मी तो फिरवला. सहा वर आणले.

बराच वेळ काही झालं नाही. मग पलीकडची खुर्ची मागं सरकली. झटक्यात नाही, सावकाश. एखादी बाई नातलगांच्या घरी आपण नको आहोत हे कळल्यावर उठते तशी. गारवा गेला. वास गेला. खोलीत नुसतं ऊन उरलं.

बाबा आले तेव्हा मी जिन्यात बसले होते. ते आत गेले. मी पाठोपाठ गेले.

त्यांनी वाटीत पाहिलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा पाहिलं.

"सहा," ते म्हणाले.

मग त्यांनी बिस्किटाचा डबा उघडला आणि प्रशियन शिपाई एकेक करून उजव्या कडेला मांडले. काळे-निळे, आईनं शेवटच्या हिवाळ्यात रंगवलेले. पुढचा तासभर ते नियमानं खेळले, दोन्ही बाजूंनी. फ्रेंच पडत गेले. प्रत्येकाला त्यांनी हातानं आडवं केलं. शेवटी म्हणाले, "जिंकलीस गं." आणि खुर्चीकडं बघत बसले.

शनिवारी चारला आम्ही ट्रक थांबवून जिन्यात बसलो. काही वाजलं नाही. साडेचारला बाबा स्वतःच उठले आणि शिपाई खोक्यांत भरू लागले. मी चिकटपट्टी लावली.

पुण्यात त्यांचा पाय बरा झाला. जुलैपर्यंत जखम भरून आली, साखर ताब्यात आली. डॉक्टर खूश झाले. खोकी पलंगाखाली तशीच बंद राहिली. बाबा वेळेवर जेवायचे, सांगितलं तेवढं चालायचे. दुपारी चारला मात्र जिथं असतील तिथं गप्प व्हायचे. एकदा मी ताटं घेत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "प्रणू, तिला कंटाळा आला असेल का गं माझा?"

"नाही बाबा. असं का म्हणता?"

"नाही, एवढे दिवस तिनं सहा पडू दिले नाहीत. एका दिवसात काय झालं?"

मी वरण वाढलं. त्या वेळी सांगायला हवं होतं. मी भात घेता का विचारलं.

परवा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, भामाकाकूंचा फोन आला. मी भाजी चिरत होते, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. बाबा खिडकीपाशी पेपर वाचत होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर काकूंचा आवाज खाली आला.

"एक विचारू का बाई? राग नक्को मानू. वर नवीन बिऱ्हाड आलंय, करीमनगरचे आहेत. त्या पोरीला मराठीतलं अक्षर येत नाही. ती म्हणायली, रोज चारला कुणीतरी जिना चढून येतंय. वरच्या खोलीच्या दाराशी थांबतंय. आत येत नाही. बाईचा आवाज हाय, एकच विचारतो. त्या पोरीनं ते पाठ करून मला येऊन विचारलं, आंटी, इसका मतलब क्या..."

"काय विचारते?"

"किती पडले. एवढंच. 'किती पडले?'"

पेपरचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं नाही.

"आज मी स्वतः वर आलेय," काकू म्हणाल्या. "जिन्यातच उभी हाय. ती पोरगी घाबरून माहेरी जायचं म्हणायली. तुला म्हायती असंल तर सांग. काय सांगू मी तिला?"

विळीवर माझा हात तसाच होता. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते.

"दोन," मी म्हणाले. "दोन पडले होते, काकू. सहा मी केले."

बाबा उठले. पेपर खाली पडला. ते ओरडले नाहीत, माझ्याजवळ आले नाहीत. फक्त इतकंच म्हणाले, "मग ती आपणहून गेलीच नव्हती."

फोनमधून कुणीतरी हलकेच म्हणालं, "बरं."

"काकू," मी घाईनं म्हणाले, "काकू, तिला सांगा, मी उद्याच बाबांना घेऊन..."

"हॅलो? हॅलो, प्रणिता?" काकू म्हणाल्या. "आवाज तुटायलाय गं तुझा, तुझं मला काहीच ऐकू आलं नाही. किती म्हणालीस? आणि तुझ्याजवळ ती दुसरी कोण 'बरं' म्हणायली?"